भांडता येतंय का?

खोली दाखवायच्या आधी तिनं मला विचारलं, "भांडता येतंय का?"

धाकटी माझ्या कडेवर होती, थोरलीनं पदर धरला होता, अन् आमचे हे मागं ट्रंक घेऊन घामाघूम उभे. आंध्रातल्या बोधनच्या पलीकडून तीन एसट्या बदलून आम्ही लातुरात उतरलो होतो. मराठी मला तेव्हा भाजी घेण्यापुरती कळायची. तरी भांडण कळलं. मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं, झकास उत्तर दिलं. घरमालकिणीला गरीब स्वभावाची भाडेकरीण आवडणारच की.

तर ती ह्यांच्याकडं वळून म्हणाली, "मग ट्रंक उघडू नगा. ही हितं टिकत न्हाई."

त्या बाईवर मी आजही चिडलेली आहे. ती जाऊन कितीतरी वर्षं झाली, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. बोलतील ज्यांना बोलायचं ते. मला तिची आठवण आली की आधी राग येतो, मग बाकीचं काय यायचं ते येतं.

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. काटकुळी, उंच, पाठीत जराशी वाकलेली. गळ्यात लिंग, अंघोळ झाली की कपाळावर तीन बोटांनी ओढलेला विभूतीचा पट्टा. नवरा तरुणपणीच गेलेला. मागं राहिला एक मुलगा, तो नांदेडला नोकरीत, अन् पत्र्याच्या पाच खोल्या. त्या खोल्या ती फक्त परक्या मुलखातून आलेल्यांनाच द्यायची. गावातला माणूस आला की म्हणायची, "तुला दहा दारं हायत, जा." अन् परका आला की त्याच्या बायकोची अशी उलटतपासणी. तीसुद्धा परकीच होती. बीदरकडची, कानडी. तेराव्या वर्षी लग्न होऊन लातुरात आली अन् कानडी बोलायची बंद झाली. कुणी कानडीत हाक मारली तर उत्तर मराठीत. फक्त पाणी भरताना घागरी मोजायची ते कानडीत, तोंडातल्या तोंडात, ओंदु, येरडु, मूरु. मी एकदा हसले, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

तिच्या हातात बारा महिने काळी छत्री. पावसाचा पत्ता नाही, आभाळ भांड्यासारखं घासून ठेवलेलं, तरी ही छत्री घेऊन बाजारात. कुणी विचारलं तर म्हणायची, "त्याला वर जरा लाज वाटू दे." त्याला म्हणजे पावसाला. त्यानं काही लाज धरली नाही.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. कालपर्यंत तालुका होता, एका दिवसात पाट्या बदलल्या. कचेऱ्या आल्या, साहेब आले, नव्या डाळ मिली उघडल्या. तशाच एका मिलमधे हे फिटर म्हणून आले. गल्लीतली माणसं छाती काढून म्हणायची, आता आपला जिल्हा. आपला म्हणजे त्यांचा. आम्ही आलेलो ते कुणाच्या हिशेबात नव्हतो. गावाचा जिल्हा झाला, माणसं दुप्पट झाली, अन् गल्लीच्या तोंडाचा हापसा मात्र तेवढाच राहिला.

आक्काला दार वाजवायची सवय नव्हती. सरळ चुलीपाशी यायची, झाकण काढायची, बोट बुडवून चाटायची अन् निकाल सांगायची. "चिंच किती घालायलीस? दात आंबले माझे." "भात, भात, भात! ज्वारीच्या मुलखात आलीस अन् लेकरायला भात खाऊ घालतीस? उद्या वर्गात भाकरी न्हाई निघाली डब्यातून तर पोरीला कुणी शेजारी बसू देतील का?" मग माझ्या हाताला धरून परातीपाशी बसवायची. माझ्या पहिल्या भाकरी तिनं माझ्यादेखत मोडून गायीला घातल्या. अन् गाय खाईना तेव्हा गायीलाच म्हणाली, "खा माय, तू तरी नाव ठिवू नगंस."

मला रडू फुटलं. मी भातावर वाढलेली. आईच्या घरी सकाळ-संध्याकाळ भात. परक्या गावात माणसाला दुसरं काय असतं हो आपलं? एक भाषा अन् एक ताट. भाषा उंबऱ्याच्या आतच राहिली होती, ताटसुद्धा हिनं हिसकून घेतलं. मी डोळे पुसले तर म्हणाली, "रडू नगंस. रडलीस की बाया गप बसून बघतेत. भांड. भांडलीस की जवळ येतेत."

हे तिचं रोजचंच पालुपद. ज्या भाषेत भांडता येत नाही त्या भाषेत पोट भरत नाही, म्हणायची. बाजारात मला पुढं ढकलायची, "वांगं किडकं हाय, म्हण त्याला." मी हळूच म्हणायचे. "जोरात! तुझ्या बापाचं वांगं हाय का ते?" बाजार हसायचा. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

आता येळवसचं सांगते, कारण माझ्या रागाचं मूळ तिथंच आहे.

येळवस म्हणजे हिवाळ्यातली वेळ अमावस्या. आमच्या मुलखात ती नाही. इकडं त्या दिवशी सगळं गाव शेतात जातं. कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप करायची, आत पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, ज्वारीच्या पिठाची ताक घालून केलेली आंबील, हिरव्या दाण्यांची भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, अन् दिवसभर जो येईल त्याला जेवू घालायचं. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. सोयरा असो, परका असो, विचारायचं काम नाही. हे मला आज माहीत आहे. तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

आमच्याकडं बाईला कुठंही बोलवायचं असलं, तर तिच्या दारात येऊन कपाळाला कुंकू लावतात. बोट्टू म्हणतो आम्ही. बोट्टू लावला तर बोलावणं. नुसतं तोंडानं ‘या’ म्हणणं म्हणजे वाटेवरचा रामराम. तेवढ्यावर एखादी बाई जेवायला गेली, तर तिची पुरती शोभा होते.

समोर आडत्याचं घर होतं. त्या घरच्या सुनेला सगळे वैनी म्हणायचे. औशाच्या वाटेवर त्यांचं मोठं शेत. आदल्या दिवशी हापशावर वैनी मला म्हणाली, "उद्या या बरं का शेताला." मी घरी येऊन आनंदानं थोरलीला सांगितलं, उद्या आपल्याला बोलवायला येणार आहेत. सकाळी लवकर उठून पोरींना न्हाऊ घातलं, परकर-पोलकी नेसवली, केसांत शेवंतीची फुलं माळली. मी लग्नातलं लुगडं नेसले. हे मिलमधून सुट्टी काढून दाढी करून बसले. अन् मी दार सताड उघडं टाकून उंबऱ्यात बसले, कुंकवाची वाट बघत.

गल्लीतून एकेक बैलगाडी निघाली. डोक्यावर घोंगड्याची चुंबळ, त्यावर आंबिलीची घागर घेऊन माणसं निघाली. पोरं ओरडत होती, बाया हसत होत्या. वैनीची गाडी माझ्या दारावरून गेली. तिनं हात केला, "या बरं का!" गाडी थांबली नाही. मीही हात केला. मला वाटलं, ती निरोप घेतीय.

उन्हं डोक्यावर आली. गल्लीत कुत्रंसुद्धा राहिलं नाही. दंगल झाल्यावर असतो तसा शुकशुकाट. धाकटी भुकेनं रडायला लागली. थोरली म्हणाली, "अम्मा, आपण चुकीचं काही केलं का?" त्या पोरीचा तो प्रश्न मी अजून गिळू शकले नाही.

अन् सगळ्यात शेवटी आक्का निघाली. कुलूप लावलं, छत्री उघडली. माझ्या दारापुढं येऊन थांबली. माझं लुगडं बघितलं, पोरींची फुलं बघितली, उघडं दार बघितलं. तोंड उघडलं तिनं, काहीतरी बोलणार होती. मग मिटलं अन् चालती झाली.

संध्याकाळी सगळे परत आले. दुसऱ्या दिवशी हापशावर कुणी माझ्याशी बोललं नाही. वैनीनं पाच घरी जेवण पाठवलं होतं म्हणे, माझ्या घरी नाही. "आपण या म्हणावं अन् त्यांनी दार उघडं टाकून बसून ऱ्हावं! दाखवायलीय, बगा, तुमच्या शेताची आम्हाला गरज न्हाई." असं वैनी सगळ्यांना सांगत होती. मला एवढं लांबलचक कळलं नाही तेव्हा. ‘तेलगीण’ अन् ‘गर्व’ एवढे दोन शब्द कळले.

त्यानंतर माझी घागर रांगेतून मागं सरकायला लागली. मी पहाटे जाऊन ठेवायचे, नंबर येईतो ती सगळ्यांच्या मागं. कुणी ढकलली ते कुणाला ठाऊक नसायचं. उन्हाळ्यात हापसा खाली गेला, शंभरदा दांडा मारला की एक घागर. मग पावसाळा आला अन् नुसता ढग दाखवून गेला. दुष्काळ पडला. एका घागरीत चौघांचं पिणं, रांधणं, धुणं. पोरींचे गणवेश मी आठवडा आठवडा धुतले नाहीत. शाळेतल्या बाईंनी थोरलीला वर्गाबाहेर उभं केलं. मी हापशावर उभी राहायचे, घागर मागं जाताना बघायचे, अन् तोंडातून आवाज निघायचा नाही. तेलुगूत मला शंभर शिव्या येत होत्या. मराठीत एक येत नव्हती.

आक्का रांगेत पुढं उभी असायची, छत्रीच्या सावलीत. बघायची. एका शब्दानं कधी म्हणाली नाही, ए, हिची घागर का सारता.

एक दिवस ती नेहमीसारखी चुलीपाशी आली, झाकण उघडलं, अन् सहज म्हणावं तसं म्हणाली, "त्या येळवसला तू बोट्टूची वाट बघत बसली हुतीस ना?"

मी पळा ठेवून तिच्याकडं वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"आमच्या बीदरकडं तेलगी घरं हायत की. मला म्हाईत न्हाई तर कुणाला?"

"मग सांगितलं का नाही? मला नाही तर वैनीला? एक शब्द! वर्ष होत आलं, आक्का. माझी पोर वर्गाबाहेर उभी राहती!"

तर काय म्हणावं तिनं? "मला कोण सांगितलं हुतं? मी आले तवा तेरा वर्साची हुते. चटके खाऊन शिकले. तू बी शिक."

मी तिला दार दाखवलं. तिच्याच खोलीचं दार तिला दाखवलं. अंगाची नुसती आग झाली होती. मला वैनीचा राग नव्हता एवढा. वैनीला माहीत नव्हतं; तिनं आपल्या रीतीनं बोलावलं, मी माझ्या रीतीनं वाट बघितली. पण ही! हिला दोन्ही रीती माहीत होत्या. अन् माझी सासू म्हणायची तेच हीही म्हणाली, आम्ही सोसलं, तुम्हीही सोसा. बाई बाईला ह्यापलीकडं दुसरं काही देतच नाही का? चटक्याचा वारसा? तेव्हापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ती झाकण उघडायला आली की मी पातेल्यावर हात ठेवायचे.

मिलमधे तूर येईना. तीन पाळ्यांची एक पाळी झाली. हे एका रात्री नाही, भरदुपारी, पोरींसमोर म्हणाले, "येळवस झाली की तू पोरींना घेऊन आईकडं जा. चार महिने. पाऊस पडला की घेऊन येतो." माझ्या थोरल्या बहिणीला अशीच ‘चार महिने’ म्हणून पाठवली होती. आठ वर्षं झाली, ती भावाच्या घरची भांडी घासत होती, अन् तिच्या नवऱ्यानं तिकडं दुसरं घर मांडलं होतं. आमचे हे तसे नव्हते. पण बहिणीचा नवराही तसा नव्हताच की, जाईपर्यंत. मी रोज ट्रंकेकडं बघायचे. मला जायचं नव्हतं. ह्या मेल्या गावात माझं कुणी नव्हतं, पाणी नव्हतं, भात नव्हता, तरी माझं घर इथं होतं अन् मला जायचं नव्हतं.

दुसरी येळवस आली. ट्रंक बांधून तयार. त्या सकाळी मी दार लावून घेतलं होतं. पुन्हा उंबऱ्यात बसायची हौस नव्हती. बाहेर गाड्यांचा आवाज गेल्या वर्षीपेक्षा निम्मा. दार वाजलं. मला वाटलं, हे आले. उघडलं तर आक्का. आयुष्यात पहिल्यांदा तिनं दार वाजवलं होतं.

अंघोळ केलेली, पांढरं लुगडं, छत्री काखेत. एका हातात विभूतीची डबी. माझ्याकडं न बघता, चौकटीकडं बघत म्हणाली, "माझ्या हातानं कुंकू चालत न्हाई. म्हाईत हाय ना तुला? माझ्या पोराच्या लग्नात मी सुनंला हळद लावली न्हाई. वैनीला सांगून तिच्या हातानं लावायचं, तर मी उभ्या जन्मात कुणाला काही मागितलेलं न्हाई. मागच्या बारीला तुझ्या दारात थांबून त्याच्यासाठीच गेले पुढं. चटके खाऊन शिक म्हणले ते खोटं हुतं."

अन् मी काही बोलायच्या आत तिनं डबी उघडली, तीन बोटं पांढऱ्या राखेत बुडवली अन् माझ्या कपाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली, कुंकवाच्या वरून. "हे घे तुझं आवतन. चल आता. पोरींना घे."

मागं हे येऊन उभे होते. बघून पांढरेफटक पडले. सवाष्णीच्या कपाळाला विधवेच्या हातची राख, अन् तीही सणादिवशी. "पुसून टाक," हे तेलुगूत म्हणाले. मी पुसलं नाही. का नाही पुसलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. कुणीतरी माझ्या दारात येऊन माझ्या कपाळाला हात लावला होता, एवढंच कळत होतं. मी पोरींना घेतलं अन् तिच्या छत्रीमागं चालायला लागले.

औशाच्या वाटेवर धुरळा घोट्यापर्यंत. शेतात ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळलेली. कोपीला कडबा कुणाकडून तरी आणलेला. भज्जीला हरभऱ्याचा पाला शेतात नव्हताच, बाजारातून आणला होता, जुडी जुडी मोजून. तरी बाया जमल्या होत्या, पाच पांडव मांडले होते, आंबिलीच्या घागरी होत्या. आम्हाला येताना बघून सगळ्यांच्या माना वळल्या.

वैनीनं माझ्या कपाळाकडं बघितलं. मग आक्काकडं. "आक्का, हे काय केलात? सवाशिणीच्या कपाळाला हात लावलात? आज? लक्षुमीच्या दिवशी? आधीच आभाळ कोरडं हाय, आता आमच्या शेताचं काय करायलात?"

मी आक्काकडं बघितलं. आता बघा म्हणलं, आता ही फाडून खाते हिला. सगळ्या गल्लीला भांडण शिकवणारी बाई. वांग्यावरून बाजार डोक्यावर घेणारी. ती नुसती उभी राहिली. छत्री मिटवली. खाली धुरळ्यात बघत राहिली.

अन् माझं तोंड उघडलं.

"तिच्या हातानं काय झालं?" मी ओरडले. माझाच आवाज मला ओळखू आला नाही. "तिनं बोलावलं मला. दारात येऊन बोलावलं! तुम्ही चालत्या गाडीतून या म्हणलात. कुत्र्याला बी थांबून बोलवतेत!"

"या म्हणलं हुतं की मी!" वैनी फणकारली.

"म्हणलं हुतं. ऐकले. कळलं न्हाई. आमच्यात कुंकू लावून बोलवतेत. मी दिवसभर उंबऱ्यात बसले, लेकरं उपाशी. संध्याकाळी आलीस का इचारायला, बाई, का आली न्हाईस? एकीनं इचारलं का? एक वरीस माझी घागर मागं सारलात! माझी पोर वर्गाबाहेर हाय! अन् आक्काचा हात वाईट? तुमच्या घरची बाळंतपणं कुणी केली? तवा हात कसा चालला?"

हे बाळंतपणाचं मला कुठून सुचलं देव जाणे. गल्लीत ऐकलं होतं कधीतरी. पण लागलं. एक म्हातारी मान खाली घालून पदर चावायला लागली. मी थांबत नव्हते. मराठीत, तेलुगूत, जे तोंडाला येईल त्यात. धाकटी घाबरून आक्काच्या लुगड्याला बिलगली.

शेवटी कोपीतून वैनीचा म्हातारा सासरा ओरडला, "अगं बसा की गं बायांनो! आंबील उनात तापायलीय. भांडण जेवल्यावर करा, तवर भज्जी बी संपती."

कुणीतरी फिसकन हसलं. वैनीचा चेहरा रागानं फुगलेला, पण तिनं डाव उचलला, माझ्या थोरलीच्या हातात आंबिलीचा गिलास दिला अन् पुटपुटली, "लेकराचा काय गुन्हा." मग माझ्याकडं न बघता माझ्या पानात उंडा टाकला. मोठा टाकला. नंतर आक्काच्याही.

मी जेवले. रागानं जेवले. दोनदा मागून घेतलं.

परतीच्या वाटेवर मला वाटलं, आता तरी ही काहीतरी म्हणेल. शाब्बास नको, पण काहीतरी. गल्ली आली तेव्हा आक्का म्हणाली, "आवाज बारका हाय आजून तुझा." बस्स. कुलूप काढलं अन् आत गेली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माझी घागर मी ठेवली तिथंच होती. माझ्या पुढं वैनीचा हंडा. ती म्हणाली, "दांडा धर की, बघायलीस काय?" मी दांडा मारला. घरी येऊन ह्यांना सांगितलं, "ट्रंक सोडा. मी जात न्हाई." मराठीत सांगितलं. ह्यांनी दोरी सोडली.

पुढं आक्काच्या मुलानं खोल्या विकल्या अन् तिला नांदेडला नेलं. जायच्या दिवशी ती माझ्या चुलीपाशी आली, चारूच्या, म्हणजे आमच्या चिंचेच्या साराच्या, पातेल्यात बोट घातलं, अन् तोंड वाकडं केलं. "चिंच कुठाय? तुझं तुझं काही ठिवलीस का न्हाई?" मी म्हणाले, "तुम्हीच काढायला लावलीत!" तर म्हणाली, "मी सांगितलं म्हणून काढायची व्हय?" सांगा आता, अशा बाईचं काय करायचं?

ती गेल्याची खबर आम्हाला महिन्यानं कळली. मुलगा कसल्याशा कागदासाठी आला तेव्हा बोलता बोलता म्हणाला, शेवटचे पंधरा दिवस आई फक्त कानडीत बोलायची, आम्हाला कुणालाच येत नाही, काय मागत होती कळलंच नाही. असं म्हणाला अन् चहा प्याला. माझा संताप संताप झाला. एवढ्या मोठ्या नांदेडात एक कानडी माणूस मिळाला नाही ह्याला? एक? पंधरा दिवसांत? ती पाणी मागत असेल, नाही तर शिव्या देत असेल. शिव्याच देत असेल. ऐकायला तरी कुणी पाहिजे होतं.

आता आमचे हे जाऊनही चार वर्षं झाली. गल्लीत बिल्डिंगी झाल्या, हापसा गेला, माझं घर तिथंच आहे. शेजारच्या बिल्डिंगीच्या तळाला राजस्थानातून फरशी बसवायच्या कामाला आलेल्या माणसाची बायको राहते, दोन लेकरं घेऊन. गेल्या येळवसला धाकटीनं गाडी आणली होती, तिच्या सासरच्या शेतात जायचं होतं. आंबिलीची घागर माझ्या मांडीत. गाडी निघाली तर ती बाई दारात बसलेली, सणाचं ऐकून लेकरांना नवे कपडे घालून. मी काच खाली केली, हात केला अन् म्हणाले, "आना बरं का खेत में!"

काच वर केली. औसा नाक्यापर्यंत गेले. अन् मग माझ्या लक्षात आलं, मी काय केलं ते. मी! मी केलं!

"गाडी वळव," मी म्हणाले.

"आई, आता? ट्रॅफिक बघ किती आहे."

"वळव म्हणले ना!"

परत आलो तर दार लोटलेलं. आत ती बाई लेकीच्या केसांतली फीत सोडत होती. मी थेट आत गेले, दार न वाजवता. विचारलं, कुंकू कुठाय? तिनं घाबरून देवापुढची डबी आणून दिली. मी डबी उघडली, बोट बुडवलं.

धाकटी मागं दारात उभी होती. जिला मी कडेवर घेऊन ह्या गावात आले, जी त्या दिवशी आक्काच्या लुगड्याला बिलगली होती, तीच. हळूच म्हणाली, "आई, तू नको. मी लावते."

मी तिच्याकडं असं बघितलं की ती एक पाऊल मागं सरली. मग मी त्या बाईच्या कपाळाला माझ्या हातानं कुंकू लावलं, ठसठशीत, अन् म्हणाले, "चलो. बच्चों को लो."

गाडीत बसताना धाकटी पुटपुटली, "शेतात सासूबाई काही म्हणाल्या तर?"

"म्हणू दे," मी म्हणाले. "मला भांडता येतंय."